शेवटची सोळा पानं

न्हाय, म्हातारपणी मला काय येड लागलेलं न्हाय. डोक्यात वायर खुपसून कॉम्प्युटरात शिरणाऱ्या माणसांच्या कादंबऱ्या मी तुमच्या आधीपास्नं वाचतोय. सातवी नापास असलो म्हणून काय झालं?

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. शिवाजी पेठेतल्या वाचनालयातनं असली एक कादंबरी आणलेली. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत लेथ मशीन बंद करून मी मोठ्यानं वाचायचो. माझा जोडीदार दत्ता ऐकता ऐकता भाकरी मोडायची इसरायचा. शेवटची सोळा पानं फाटलेली निघाली. हिरोईन कॉम्प्युटरात अडकली आन पुस्तकच संपलं.

मी म्हटलं, ती भाईर येणार. दत्ता म्हणला, "येत न्हाय लेका, तिला आतच बरं वाटतंय." तवापास्नं दर रविवारी आमचं ह्याच्यावरच भांडण.

आज सकाळी शाहूपुरीत रद्दीच्या दुकानात तेच पुस्तक घावलं, सगळ्या पानांसकट. उभ्या उभ्या शेवट वाचला आन तसाच कळंब्याला दत्ताच्या घरी गेलो. त्याला आता दिसत न्हाय.

"दत्त्या, शेवट घावला की रं!"

"गप बस," त्यो म्हणला. "मी हरलो तर तू मला जगू देणार न्हाईस. जिंकलो तर रविवारचं यायचा बंद हुशील."

पुस्तक पिशवीत घातलं. च्या पिलो आन परत भांडलो.

तवा खाली कमेंटमधी कुणी इचारू नका, ती भाईर आली का न्हाय. सांगणार न्हाय म्हंजे न्हाय.