डेल्विनने काढलेली कुऱ्हाड

डेल्विन प्राउझने कॅलम टॉल्हर्स्टवर चार वर्षं डूख धरला, आणि उट्टं काढलं ते माझ्या खांद्यावर बंदूक ठेवून. खांदा मी आपणहून दिला होता, हेही आधीच सांगून टाकतो.

ब्रन्सविकमध्ये मोज्यांच्या जुन्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही बाराजण टेबलं भाड्याने घेऊन गेम बनवतो. बनवतो म्हणजे बहुतेक जण वर्षानुवर्षं बनवतच राहतात. डेल्विन गेम बनवत नाही. ऑनलाइन दुकानात गेमच्या नावाचं जे इवलंसं चित्र दिसतं, तेवढंच ती काढते. वय अठ्ठावन्न, चष्मा दोरीला बांधलेला, केस घरच्या कात्रीने कापलेले. सोळाव्या वर्षी बेंडिगो गावात बापाबरोबर खाटकांच्या दुकानांच्या काचांवर भाव रंगवायला लागली. चालत्या गाडीतून वाचता आलं नाही तर ते रंगवलंच नाही असं समज, एवढंच बापाने शिकवलं. बाकी सगळं ती स्वतः शिकली.

तिची पद्धत साधी. चित्र पोस्टाच्या तिकिटाएवढं छापायचं, घरच्या फ्रिजवर चिकटवायचं, चष्मा काढायचा आणि परसदारातून बघायचं. काय आहे ते कळलं नाही तर फाडून टाकायचं. चेहरा एकच. अक्षरं जाड, अर्धी जागा खाणारी. वाद घालणाऱ्याला ती सरळ परसदारात नेऊन उभं करते.

कॅलम तिथे कधी उभा राहिला नाही. त्याच्या पहिल्या गेमला तिने एका खाणकामगाराचा चेहरा काढला होता, कंदिलाच्या उजेडातला. कॅलमच्या हाताखाली सातजण, प्रत्येकाने एकेक पात्र घडवलेलं, प्रत्येकाला आपलं पात्र चित्रात हवं. याने कुणाला दुखवायचं नाही म्हणून स्वतःचं पात्र धरून आठही चेहरे कोंबायला लावले आणि दाराएवढ्या पडद्यावर बघून खूश झाला. तिकिटाएवढ्या आकारात ती नुसती शेवाळलेली फरशी दिसत होती. डेल्विनने तसं लेखी कळवलं. त्याने वाचलं नाही. गेम पडला.

आमच्यात एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी सगळे एका पबच्या वरच्या खोलीत जमतात आणि ज्याचा गेम पडला तो उभा राहून का पडला ते सांगतो. नियम एकच, आधी स्वतःची चूक सांगायची. कॅलमने डेल्विनचं चित्र भिंतभर लावलं आणि म्हणाला, "हे. बाकी सगळं ठीक होतं." लोक हसले. डेल्विन तिसऱ्या रांगेत बसली होती. तिने बिअर संपवली, ग्लास खाली नेऊन ठेवला आणि घरी गेली. पुढची दोन वर्षं तिला कुणी काम दिलं नाही. हार्डवेअरच्या दुकानात ती किल्ल्या कापत होती. त्या मंगळवारबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं.

तेव्हा हसणाऱ्यांत मीही होतो.

माझा गेम एका दीपगृहाचा. बास सामुद्रधुनीतलं बेट, एकटी बाई, रोज काच पुसायची, वात कापायची, लाकडं फोडायची, येणाऱ्या बोटींची नोंद ठेवायची. कुणी मरत नाही, कुणी मारत नाही. शाळेतली नोकरी सोडून सहा वर्षं मी त्यावर घालवली. आमच्या धंद्यात पहिला आठवडाच काय तो असतो. त्यात गेम चालला तर दुकान तो पुढे आणखी लोकांना दाखवतं, नाही चालला तर तळाशी. माझ्याजवळ दुसरी सहा वर्षं नव्हती.

कॅलमने माझा गेम चाखून बघितला होता आणि चारचौघांत त्याला झोपेचं औषध म्हणाला होता. म्हणून डेल्विन आपलं टेबल सोडून माझ्याकडे आली, तेव्हा मी ऐकून घेतलं.

"कॅलमचा दुसरा गेम अठरा तारखेला येतोय," ती म्हणाली. "त्याचं चित्र लागलंय दुकानात. काळंनिळं, पुन्हा आठ थोबाडं. सुधारला नाही मेला. तू पण अठराच धर, झॅमिट. यादीत दोघं शेजारी बसाल."

"आणि मग?"

"मग मी त्याला पुसून टाकते."

तिने खरंच पुसला. मोहरीसारखा पिवळा रंग, त्यावर ती बाई, तोंड वासलेलं, डोक्यावर उगारलेली कुऱ्हाड. तिच्या परसदारातून मी पाहिलं तर कुऱ्हाड थेट अंगावर येत होती. शेजारी कॅलमचं चित्र छापून लावलं होतं, ते दिसतच नव्हतं. कुऱ्हाड गेममध्ये होती, खोटं काही नव्हतं. लाकडं फोडायची होती, एवढंच. मी चित्र तसंच दुकानात चढवलं. कॅलमचा चेहरा कसा पडेल ते माझ्या डोळ्यांपुढे होतं.

अठराला सकाळी दहाला दोन्ही गेम दुकानात लागले. मी आधी कॅलमचा गेम कितव्या नंबरवर आहे ते बघितलं, मग माझा. माझा भराभर वर चढत होता. त्याच्याकडे कुत्रं फिरकलं नव्हतं. दुपारपर्यंत बिचाऱ्याने तीनदा चित्र बदललं. डेल्विनने सगळ्यांना खोबऱ्यात घोळवलेले लॅमिंग्टन केक वाटले आणि खोबऱ्याचे हात पुसत म्हणाली, "भिंतीवर लावतो काय." त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्याने हसली. मीही हसलो, पोट धरून.

तिसऱ्या दिवसापासून गेम परत यायला लागले. दोन तासांच्या आत आवडला नाही तर परत करता येतो, दुकानाचा नियमच आहे. तासभर वाती कापतोय, मारामारी कधी, असं एकाने लिहिलं. कुऱ्हाड दाखवून काचा पुसायला लावल्या, दुसऱ्याने लिहिलं. त्यांचं काय चुकलं? शंभरातले सत्तर परत आले आणि दुकानाने गेम तळाशी ढकलला. ज्यांना माझा गेम आवडला असता ते कुऱ्हाड बघूनच पुढे गेले होते.

मी डेल्विनच्या टेबलाशी गेलो. तिने खणातून एक कागद काढला. रात्रीचा समुद्र, एक खिडकी, आत काच पुसणारा हात. तिकिटाएवढं होतं, तरी हात ओला आहे हे कळत होतं. माझा अख्खा गेम त्यात होता.

"हे कधी काढलंस?"

"पहिल्याच आठवड्यात."

"मग दिलं का नाहीस?"

"हेही काळंनिळं. त्याच्या शेजारी बसलं असतं गुपचूप. मला त्याला लोळवायचा होता." ती चष्म्याची दोरी बोटाला गुंडाळत होती. "चुकलं म्हणत नाही मी. परत वेळ आली तर परत तेच करीन. पण तुझं वाटोळं झालं हे खरं. हे घे, आता लाव."

मला तिचा इतका राग आला की कागद फाडायला घेतला. आणि चित्र इतकं चांगलं होतं की फाडवेना. मी लावलं. पहिला आठवडा परत येत नसतो, त्यामुळे गेम वर आला नाही. पण नवं चित्र लागलं त्या आठवड्यात एकोणीस जणांनी घेतला आणि एकानेही परत केला नाही. पुढच्या आठवड्यात तेहतीस. एका बाईने मला ईमेलवर लिहिलं, रोज झोपण्याआधी एक बोट नोंदवते.

किती जणांनी घेतला आणि किती जणांनी परत केला, हे आकडे दुकान फक्त मला दाखवतं. डेल्विन रोज सकाळी चहाच्या वेळी कप घेऊन माझ्या टेबलाशी येते. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र ते, तिलाही ठाऊक आहे. लोकांना पोचलं का, एवढंच तिला हवंय.

"हललं का काही, झॅमिट?" ती विचारते.

"नाही गं," मी सांगतो. "कुणी बघत नाही."