नाव सांग आणि आत ये

माझ्या सासूबाईंना सगळी वस्ती 'मोठ्या बाई' म्हणते. घरात मी आई म्हणते, आणि रागावले की काहीच म्हणत नाही. हल्ली मी काहीच म्हणत नव्हते.

चर्चची शाळा त्यांनी सुरू केली, हे मला लग्नाआधीपासून पाठ आहे. चर्चच्या मागे मोडकी बाकं आणि मेणबत्त्यांचे खोके ठेवायची एक खोली होती. तेव्हाच्या फादरनी ती रिकामी करून घेतली आणि नुकत्याच शिकून आलेल्या ह्या मुलीच्या हातात खडू दिला. कारखान्यातल्या कामगारांची पोरं यायला लागली. मांडीला मांडी लावून बसली तरी जागा पुरेना. वय विचारावं, तर आईबापांनाच धड ठाऊक नसायचं. मग आईंनी शक्कल लढवली. दारात उभं राहायचं, स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं, की आत. नाही सांगता आलं, तर "पुढच्या वर्षी आणा." तेवढ्याशा खोलीसाठी ते ठीकच होतं, मी नाही म्हणत नाही.

पण एका खोलीच्या दोन झाल्या. मग चर्चची बाग गेली आणि तिथे तीन मजले उभे राहिले. प्रयोगशाळा आली, बस आल्या, वाजंत्री पथकसुद्धा आलं. दारातला तो प्रश्न मात्र हलेना! उलट त्याला टेबल मिळालं आणि टेबलामागे शिक्षिका बसल्या. 'आपल्या शाळेची परंपरा' म्हणून दर स्नेहसंमेलनात त्याचं कौतुक व्हायचं आणि आई पहिल्या रांगेत बसून चष्मा पुसायच्या. निवृत्त होईपर्यंत दारात त्याच उभ्या असायच्या. किती पोरं माघारी पाठवली असतील, देव जाणे.

माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि बोलत नाही. त्याला ऐकू येतं, सगळं कळतं, माझ्या चपला लपवण्यात तर महा पटाईत आहे. डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये बसवा, बोलेल. बसवू कुठे, माझ्या डोक्यावर? मागच्या वर्षी तो टेबलासमोर गप्प उभा राहिला आणि आम्ही परत आलो. ह्या वर्षी तसंच झालं असतं तर वय उलटून गेलं असतं आणि दार कायमचं बंद.

"फादरशी बोला ना," मी आईंच्या मागे लागले होते.

"नियम मी केला, आणि मीच मोडू?"

"नियम तुमचा, आणि नातू कोणाचा?"

यावर त्या उठून गेल्या. पण प्रवेशाच्या दिवशी चपला घालून आमच्याबरोबर निघाल्या.

बाहेरच्या बाकावर आमच्या शेजारी एक बाई होती. कारखान्याचा निळा डगला अंगात, म्हणजे पाळी संपवून थेट आलेली. तिची मुलगी डगल्याची बाही तोंडात घालून बसली होती. "हीसुद्धा बोलत नाही हो," ती हळूच म्हणाली. "मागच्या वर्षी परत पाठवलं."

आमचा नंबर लागला. "बाळा, नाव काय तुझं?" शिक्षिकेने अगदी गोड विचारलं. हा टेबलावरच्या घंटीकडे बघत राहिला. तिने पुन्हा विचारलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव इतक्या जोराने ओरडत होते की माझे दात दुखायला लागले.

"थोडं थांबायला हवं होतं हो अजून," शिक्षिका म्हणाली. सूर हुबेहूब आईंचा! मी वळून बघितलं तर आईंचा चेहरा खर्रकन उतरला होता. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तेवढ्यात आतून फादर आले. "मोठ्या बाई, तुम्ही? हा तुमचा नातू? अहो, आधी नाही का सांगायचं!" त्यांनी उभ्याउभ्याच सही केली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "फक्त बाहेर बोलू नका. एकाचं जमवता येतं, सगळ्यांचं नाही."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. आई मात्र दाराकडे वळल्या होत्या.

बाहेर येताच ती बाई उठली. "झालं? बोलला?" मग माझं तोंड बघून तिला समजलं, पोराला न बोलताच घेतलंय. ती आईंकडे वळली. "आजी, तुमची आत ओळख आहे का? माझ्या पोरीसाठी एक शब्द टाकाल?"

आई काही म्हणायच्या आत मीच म्हणाले, "आमची कोणाशी ओळख नाही. चला आई."

आई आल्या नाहीत. त्या मुलीशेजारी बाकावर बसल्या. "तू हो पुढे. हिचा नंबर लागला की मी आत जाते."

"आई, फादर काय म्हणाले ते ऐकलंत ना?" मी त्यांच्या कानाशी वाकले. "एकाचंच!"

"ऐकलं."

दार उघडलं. मुलीला हाक आली. आई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. दोन वर्षं मी देवाकडे एकच मागत होते, माझ्या पोराचं तोंड उघडू दे. आणि तिथे त्याचा हात करकचून धरून मी मागत होते, ह्या मोठ्या बाईंचं तोंड आता उघडू देऊ नकोस.