छोटा कर्णा

दापोडीला रुळांजवळ आमच्या दोन खोल्या होत्या. रविवारी दुपारी जेवणं उरकली, की बाहेरच्या खोलीत तापलेल्या धुळीचा वास सुटायचा. तो गाण्याच्या यंत्रातल्या वॉल्व्हचा वास. काचेच्या बोटभर नळ्या, आधी काळपट, मग तांबूस, मग आत निखारा फुलल्यासारख्या. दार लोटलेलं असायचं, आणि त्या उजेडाकडे बघता बघता माझे डोळे मिटायला लागायचे. पन्नास सालानंतरची ती वर्षं मला आजही अशी पेंगुळलेलीच आठवतात.

हे कारखान्यात बॉयलरच्या खात्यात होते. दिवसभर लोखंडी पत्र्यांवर रिव्हेट ठोकायचे आणि घरी येऊन ओरडून बोलायचे. लग्नानंतर कितीतरी दिवस मला वाटायचं, माणूस तापट दिसतो. मग कळलं, तापट नाही, कान चाललेत. आधी माझ्या बांगड्या ऐकू येईनाशा झाल्या, मग खिडकीतल्या चिमण्या. यांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता. जे कानावर येतच नाही, ते गेलं हे कळणार तरी कसं? आणि या माणसाला उभ्या जगात एकच वेड, गाण्याचं. यांना हे कळेल त्या दिवशी काय होईल, ही धास्ती मी उशाशी घेऊन झोपायची.

‘हाय-फाय’ हा शब्द यांनी पुण्याच्या जुन्या बाजारातून आणला, एका फाटक्या इंग्रजी मासिकासकट. इंग्रजी यांचं बेताचंच, पण चित्रं भरपूर होती. रेडिओ आणि तबकडीचं यंत्र एकाच पेटीत असलेला तयार रेडिओग्राम घ्यायचा नाही. एकेक भाग आपण निवडायचा आणि एकमेकांशी जुळवायचा, एवढं त्यातून यांना कळलं आणि तेवढंच पुरलं. लष्कराच्या लिलावातला ट्रान्सफॉर्मर आला, त्याला वॉल्व्ह जोडून आवाज मोठा करणारा ॲम्प्लिफायर झाला. कुठल्याशा बंगल्यातून तबकडी फिरवायचं यंत्र आलं. मग सागवानी पेटी आली आणि तिच्यात बसवायला परातीएवढा कर्णा. लाउडस्पीकरला आम्ही तेव्हा कर्णाच म्हणायचो. ॲम्प्लिफायरचा आणि कर्ण्याचा मेळ बसला नाही तर एक तर आवाज मरतो, नाहीतर काहीतरी जळतं, असं हे सांगायचे. ‘गुण जुळावे लागतात,’ म्हणायचे. आमची पत्रिका कोणी पाहिली नव्हती, त्या ट्रान्सफॉर्मरची मात्र दोनदा पाहून झाली.

पेटीने अर्धी खोली खाल्ली. नाकापेक्षा मोती जड, म्हटलं मी, पण ते यांना ऐकू गेलं नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या पेटीला टेकून बसायला आवडायचं. गवयाचा आवाज खाली उतरला की लाकूड पाठीत गुणगुणायचं. डोळे मिटले की वाटायचं, आपण होडीत बसलोय आणि होडी पवनेच्या संथ पाण्यावरून चाललीय, कुठे ते कोणालाच माहीत नाही. तेवढा वेळ मी धास्ती विसरायची.

हे मात्र कपाळाला आठ्या घालून बसायचे. ‘यात तंबोरा हाय,’ म्हणायचे. ‘आमच्या साताऱ्याला मी हीच तबकडी ऐकलीय. मागं तंबोरा झंकारत असतो सारखा. तो कुठं गेला?’ तंबोरा कुठेही गेला नव्हता. माझ्या कानाशी तो छान वाजत होता. मी म्हटलं, ‘असेल कुठेतरी.’ यांनी सुई बदलली, मग सुई धरणारा पिकअप बदलला, मग ठरवलं की मोठा कर्णा बारीक सूर गिळतो. त्याच्या जोडीला एक छोटा हवा.

स्टेशनच्या रस्त्याला रेडिओ दुरुस्त करणारे एक चाचा होते. ते दोन छोटे कर्णे घेऊन घरी आले आणि आळीपाळीने जोडून दाखवले. पहिल्यात गाणं उजळल्यासारखं झालं. दुसऱ्यात कोणीतरी विळीवर पत्रा किसावा तसं. हे एकदम ताठ बसले. ‘हाच. तारा मोकळ्या झाल्या बघा.’

‘भाऊ, हा जरा चिरका बोलतो,’ चाचा म्हणाले. ‘पहलेवाला घ्या.’

‘तुमचे कान म्हातारे झाले, चाचा.’

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले.

पुढच्या रविवारी यांनी खात्यातल्या मंडळींना गाणं ऐकायला बोलावलं. चौघे जण बायकांसह आले. पुरुष पेटीसमोर, आम्ही बायका दाराशी. सुई टेकली आणि चौघी जणींनी एकदम पदर कानावर ओढले. समोर चौघे पुरुष माना डोलावत होते. ‘आवाज हाय का चेष्टा, राव,’ एक जण म्हणाला. हे फुलून गेले. मला आधी हसू फुटलं, आणि मग ते मावळलं. एकटा माणूस चुकला तर दुसरा सांगतो. इथे अख्खं खातंच एका सुरात चुकत होतं, तर सांगायचं कोणी?

तिथून पुढे सगळा संसार छोट्या कर्ण्याच्या तालावर. कानामागून आली आणि तिखट झाली, तशी त्याची गत. गाणं लागलं की मी डोकं बांधून स्वयंपाक करायची. पण हे तंबोऱ्यात बुडालेले दिसायचे, आणि त्यासाठी मी आणखी चार कर्णे सोसले असते.

ते सुख पावसाळ्यापर्यंत टिकलं. मग एका दुपारी हे म्हणाले, ‘तंबोरा पुन्हा गेला.’ बारीक सूर वाढवायचं टोनचं बटण शेवटाला टेकलेलं होतं. वॉल्व्ह बदलून झाला, तारा बदलून झाल्या. शेवटी यांनी छोटा कर्णा काढला, पिशवीत घातला आणि चपला शोधायला लागले. ‘त्या चाचानं मेलेला माल गळ्यात मारला. आज त्याच्या दुकानातच बघतो.’

मी दारात उभी राहिले. ‘चाचांना काही बोलू नका. कर्णा चांगला आहे. तंबोरा वाजतोय. मला ऐकू येतोय.’

यांना ऐकू गेलं नाही असं वाटलं, म्हणून मी पुन्हा मोठ्याने म्हणाले. ऐकू गेलं होतं.

‘कधीपासनं?’

‘लग्नापासून थोडं थोडं.’

‘आन् खात्यातल्यांचं?’

‘सगळ्यांचंच. त्यांच्या बायकांना विचारा.’

हे पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. रडतील असं वाटलं, रागावतील असं वाटलं. मी यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि मलाच रडू आलं. मग उठून यांनी कर्णा परत जागेवर बसवला, तबकडी लावली आणि माझा हात धरून टोनच्या बटणावर ठेवला.

‘तुला गोड लागंल तिथं थांबव.’

मी बटण मागे घेत गेले. पत्रा किसणं थांबलं, आणि तंबोरा हळूच गाण्याच्या मागे जाऊन बसला. यांच्यासाठी त्या क्षणी काय काय बंद झालं असेल, ते यांच्या तोंडावर दिसत होतं. मी हात काढायला गेले, तर तो यांनी दाबून धरला.

‘आता तंबोरा हाय?’

‘आहे.’

‘कसा?’

गाण्याबद्दल मी कधी काही बोलले नव्हते. मी म्हटलं, ‘भात रटरटत असतो ना, तसा. मधेच थांबेलसं वाटतं, पण थांबत नाही.’

यांनी मान हलवली. ‘सांगत ऱ्हा.’

मी सांगत राहिले. सुचेल ते, खरं तेवढंच. तबकडी संपली. यांनी ती उलटी केली, सुई टेकवली, आणि पेटीकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून बसले.