फरशीवाल्याचा ड्रॅगन

कुणाच्या घरात शिरले की फरशीवाले काका आधी माणसांकडे नाही, जमिनीकडे बघतात. सांधा केसभर जरी चुकलेला दिसला तरी घोटभर पाणी घशाखाली उतरत नाही. बुद्धिबळाच्या पटावरही तेच. सोंगटी घराच्या मधोमध हवी. म्हणून त्यांची लेक, जी त्यांची गुरूही आहे, दर डावाआधी बजावते, "बाबा, हात मांडीखाली!"

तिनेच त्यांना ड्रॅगन नावाची डावाची सुरुवात शिकवली. नावाला बचाव, पण दोन्ही खेळाडू एकमेकांच्या राजावर तुटून पडतात. त्यातला खरा घाव म्हणजे हत्ती देऊन राजापुढचा घोडा मारायचा. तो काकांना कधी झेपला नाही. "धडधाकट हत्ती असा फेकायचा? काहीतरीच!"

यंदाच्या स्पर्धेत शेवटच्या डावात अर्धा गुण मिळाला की मानांकन पक्कं. नाही मिळाला तर रविवारी घरी बसायचं, असं काकूंनी वदवून घेतलं होतं.

समोर दातांचे डॉक्टर होते. डाव ऐन रंगात आला आणि काकांनी नकळत तिरका झालेला हत्ती बोटाने सरळ केला.

"हात लावलात," डॉक्टर म्हणाले. "आता तोच खेळा."

"अहो, नीट करत होतो!"

पंच जवळ आले. "ते आधी सांगायचं असतं, काका."

कान लाल झाले. हत्ती मागे घेतला तर डॉक्टरांची प्यादी थेट दारात येणार. राहिला घोडाच. काकांनी डोळे मिटून तो मारला.

राजा उघडा पडला. डॉक्टर बराच वेळ कपाळ चोळत बसले. मग हात पुढे करून म्हणाले, "बरोबरी?"

अर्धा गुण समोर आला होता. काकांनी त्या उघड्या राजाकडे पाहिलं. "खेळू या की अजून थोडं."

घाईत एक शह चुकीच्या घरातून दिला आणि राजा निसटला. काका हरले.

"बाबा, हातात आलेलं मानांकन!" लेकीने कपाळावर हात मारला.

"पण धाबं कसलं दणाणलं होतं त्याचं!"

घरी काकूंनी दार उघडलं. "जिंकलात?"

"हरलो."

"मग एवढे खुशीत कसे?"

काकांनी पट मांडून सगळं दाखवलं. काकूंना घोडा आणि उंट यापलीकडे काही कळत नव्हतं, तरी त्या शेवटपर्यंत बसून राहिल्या.

"म्हणजे नुसता हात लागला म्हणून अडवलं त्याने?"

"नियमच आहे तो."

"असेल. हा डॉक्टर पुन्हा कुठे खेळणार आहे, ते आधी बघा."