चुन्याला तरतूद आहे

माझ्या थोरल्या भावाला सरकारच्या अर्थसंकल्पाने चोर ठरवलं. हे वाक्य पत्रकात घातलं तेव्हा आमचे वकील म्हणाले, "जरा फार होतंय." मला ते अजून कमीच वाटतं.

वसईजवळ सांडोरला आमची केळीची बाग. बागेत बावखल, म्हणजे शिंपण्यासाठी खोदलेलं तळं, आणि त्यावर लावायला तेलाचं इंजिन. इंजिन प्रत्येकाकडे नसतं. आपली पाण्याची पाळी आली की शेजारच्या खोपीतलं उचलायचं, बाग भिजवायची, तेल भरून जागेवर ठेवायचं. विचारायची पद्धत नाही. विचारलं तर समोरचाच रागावतो, "परका झालास काय रे?"

त्या वर्षी चुलत्याचं आणि वडिलांचं बांधावरून वाजलं होतं. दादाने नेहमीसारखं त्याचं इंजिन उचललं आणि चुलता तडक चौकीवर गेला. फौजदाराने विचारलं, "न विचारता नेलंस?" दादा छाती काढून म्हणाला, "न विचारताच! आमच्यात कोण विचारतो?" फौजदाराने तेवढंच लिहून घेतलं.

जामिनाला सातबारा लागला. आमचा सातबारा सामाईक, म्हणजे चुलत्याची सही हवी. तो कशाला देतोय? दादाची रवानगी जिल्ह्याच्या तुरुंगात झाली. रेल्वेत त्याची निवड झालेली होती, पोलिसांचा दाखला तेवढा यायचा होता. खटला चालावा, तो निर्दोष सुटावा आणि नोकरी हातची जाऊ नये, एवढीच आमची मागणी.

वसईच्या कोर्टात तारखा पडत. आई पिशवीत पाव घेऊन सकाळपासून बाकावर बसायची. दादा यायचाच नाही. कारकून सांगायचा, "आणायला पोलीस मिळाले नाहीत, आजी. पुढल्या तारखेला या." आई पाव परत घेऊन यायची आणि ते कुणाला खाऊ द्यायची नाही.

मग मी जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत गेलो. हिशेबाचे साहेब पान लावत होते. बाहेर भिंतींना चुना चालला होता.

"कैद्याबरोबर दोन पोलीस जाणार," साहेब म्हणाले, "त्यांचं गाडीभाडं, त्यांचा भत्ता. त्या हेडखाली मंजूर झालेले पैसे संपले. नवीन वर्षाची तरतूद आली की बघू."

"आणि हा चुना?"

"ते दुरुस्तीचं हेड. मार्चच्या आत खर्च केलं नाही तर पैसे परत जातात."

"मग एक भिंत तशीच ठेवा आणि माझ्या भावाला कोर्टात पाठवा."

साहेब हसले. "या हेडचे पैसे त्या हेडला जात नाहीत हो. शिकलेले दिसता, एवढं कळत नाही?"

मी पत्रक काढलं. मथळा होता, 'चुन्याला तरतूद आहे, न्यायाला नाही'. रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या दारात वाटलं. बागाईतदारांनी, मास्तरांनी, भाजीवाल्या बायांनी त्या दोन पोलिसांच्या भाड्यासाठी वर्गणी काढली. ती घेऊन पुन्हा कचेरीत गेलो, तर साहेब म्हणाले, "खाजगी पैसे? हे मी कुठल्या हेडखाली जमा करू?"

त्या क्षणी मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही. चुलत्याचं समजू शकतो, त्याचं निदान भांडण होतं. याचं आमच्याशी काहीच नव्हतं.

तुरुंगात भेटायला गेलो. तिथे कैद्यांना सुधारण्यासाठी हातमागाची शेड होती. शिकवणाऱ्याची जागा मंजूर, माणूस नेमलेला नाही, म्हणून शेडला कुलूप. दादा जाळीपलीकडे उभा होता. बरेच दिवस ऊन न लागलेला चेहरा.

"आतले लोक सांगतात," तो म्हणाला, "गुन्हा कबूल केला की भोगलेली कैद शिक्षेत धरतात. त्याच दिवशी घरी."

"तू चोर आहेस?"

"नाही."

"मग? नोकरीचं काय? मी बाहेर सगळं गाव उठवलंय."

"गाव उठवलंस, बाग कोण भिजवतंय? तुझी पत्रकं घालतोस काय केळीच्या बुडात?"

मी त्याच्याकडून शपथ घेतली की तो कबूल करणार नाही. त्याने जाळीतून बोट काढून माझ्या बोटाला लावलं.

नवीन वर्षाची तरतूद आली आणि दादाला वसईला आणलं. मी कोर्टाबाहेर घोषणा देत होतो, घसा बसला होता. आत न्यायाधीशांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? दादाने आईकडे पाहिलं. "कबूल."

वकिलांनी माझ्या पाठीवर थाप मारली, "सुटला की!" रेल्वेचा नकार काही आठवड्यांनी आला.

मग मी दुसरं पत्रक काढलं. त्यात साहेबांचं नाव, हुद्दा, छापखान्यातल्या सगळ्यात जाड टाइपात. 'या अधिकाऱ्याने निरपराध माणूस कोंडून ठेवला.' कचेरीच्या दारात, त्यांच्या राहत्या गल्लीत, त्यांची मुलं जातात त्या शाळेच्या रस्त्यावर वाटलं. कुणी म्हणालं, मुलांना कशाला? मी म्हटलं, माझ्या आईला कशाला?

साहेबांनी माझ्यावर बदनामीची फिर्याद केली. छापखाना वसईचा, म्हणून वसईच्याच कोर्टात. आता प्रत्येक तारखेला त्यांना रजा टाकून, स्वतःच्या खिशातून भाडं भरून यावं लागतं. माझा वकील पुढची तारीख मागतो. साहेब रुमालाने मान पुसत बाकावर बसलेले दिसतात तेव्हा मला जे सुख होतं ते मी लपवत नाही.

पण खटला मी हरणार आहे. लिहिलेलं खरं आहे हे दाखवायचं, तर दादा निरपराध होता हे दाखवायला हवं, आणि कोर्टाच्या दप्तरात तो स्वतःच्या तोंडाने चोर आहे. मी त्याला म्हटलं, "साक्षीला ये. का कबूल केलंस ते सांग."

तो केळीची पानं कापत होता. कोयता न थांबवता म्हणाला, "त्या पिंजऱ्यात एकदा बोललो. पुन्हा बोलणार नाही."

"मला शिक्षा होईल."

"होईल. मग मी आईला घेऊन येईन भेटायला."

त्याने माफ केलंय. चुलत्याशी बोलतोसुद्धा. मी केलेलं नाही. पुढच्या तारखेसाठी तिसरं पत्रक लिहून तयार आहे, आणि साहेबांचं नाव यावेळी मथळ्यातच आहे.