मी आणलेलं जाकीट

ते लाइफ जाकीट मीच आणलं होतं. दादा हर्णे बंदरातल्या होडीवर खलाशी. असलं काही घालायची त्याला लाज वाटायची. मी दापोलीच्या दुकानातून नवंकोरं जाकीट आणलं, त्यावरचा सरकारी मानकाचा शिक्का त्याला दाखवला आणि बजावलं, "हे घातल्याशिवाय दर्यात जायचं नाय."

चौथ्याच दिवशी जाळं ओढताना तो पाण्यात पडला. बरोबरचा खलाशी मान खाली घालून मला म्हणाला, "ताई, जाकीट होतं ना अंगात. तरंगेल म्हणून कोणी उडी नाय मारली, आधी होडी वळवली. पण तो वर आलाच नाय."

दुसऱ्या दिवशी तो सापडला. जाकीट पाणी पिऊन दगडासारखं जड झालं होतं.

दुकानदाराने हात वर केले. "मी फक्त विकतो, कंपनीला विचारा." जाकिटावरच्या पत्त्यावर धाडलेली पत्रं परत आली. मग आम्ही रत्नागिरीच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. तिथे दुकानदाराचा वकील म्हणाला, "मासेमारी हा धंदा आहे. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक कायदा लागू होत नाही."

"मग तो मेला तो कोण म्हणून मेला?" मी ओरडले. मला खाली बसायला सांगण्यात आलं.

आमच्या वकीलबाईंनी धीर दिला. पोटासाठी स्वतः राबणारा ग्राहकच असतो. आणि बनवणारा सापडत नसेल तर विकणाऱ्याला धरता येतं. पण जाकीट तपासणीला द्यायला हवं होतं. वहिनी ते उराशी धरून बसली. "त्याच्या अंगावरचं शेवटचं हेच आहे गो." मी तिची बोटं एकेक करून सोडवली. प्रयोगशाळेने जाकीट कापलं. त्यानंतर वहिनी माझ्याशी बोललेली नाही.

अहवालात दोन गोष्टी होत्या: आतला फोम पाणी शोषणारा, शिक्का खोटा. एसटी स्टँडवर उभ्याउभ्याच तो कागद वाचला. मला वाटलं, यात माझंच नाव असायला हवं होतं.

तसलीच जाकिटं बंदरात अजून चार-पाच जणांकडे होती. मी सांगत सुटले, कोणी ऐकेना. शेवटी एकाचं जाकीट ओढून घेतलं, पाण्याच्या पिंपात टाकलं आणि तिथेच बसून राहिले. दुपारपर्यंत ते तळाला गेलं. एकेकाने आपापलं आणून माझ्यापुढे टाकलं.

आयोगाने दुकानदाराला जबाबदार धरलं. तो वर अपिलात गेला आहे. मी तारखांना जाते.