झोपेत उगारलेला हात
स्पिरिटचा वास आला की जळगावच्या दवाखान्यातली पाच-सहा वर्षांपूर्वीची ती सकाळ आठवते. आईच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसल्यापासून मी वडिलांशी बोलत नव्हतो. झोपेत हात लागला, हे तिचं सांगणं मला पटलंच नव्हतं. रात्रभर वडिलांच्या डोक्याला वायरी लावून तपासणी झाली होती. डॉक्टरांनी पडद्यावरच्या रेषा दाखवल्या. "इथे हात उगारलाय, आणि मेंदू स्वप्नात आहे. अशा वेळी आपलं अंग सैल पडतं, यांचं पडत नाही." वडील खाली मान घालून म्हणाले, "स्वप्नात केळीत डुकरं शिरली होती." "माले माहीत शे," आई म्हणाली आणि त्यांच्या केसांत चिकटलेला वायरींचा लेप ओल्या रुमालाने पुसू लागली. त्या अबोल्याची माफी मी वडिलांकडे अजून मागितलेली नाही.